एका फुलीवर सरकीच्या दोन बिया : पायथॉनवर संभाव्यता शिकताना

संभाव्यतेचं पुस्तक नाण्यापासून किंवा फाशापासून सुरू होतं. चोपडा-शिरपूरकडच्या पोराला त्यापेक्षा कपाशीची लागवड जवळची, म्हणून इथे सुरुवात तिच्यापासून. पाकिटातल्या सरकीची उगवण ७५ टक्के धरा. प्रत्येक फुलीवर (शेतात आखलेल्या उभ्या-आडव्या रेघा जिथे मिळतात तिथे) दोन बिया टाकल्या. हजार फुल्यांपैकी किती ठिकाणी नांग्या भराव्या लागतील, म्हणजे एकही बी न उगवल्यामुळे परत बी टाकावं लागेल?

संगणकाला हात लावण्याआधी अंदाज वहीत लिहा. २५० लिहिलं असेल, तर तुम्ही एकाच बीचा हिशोब केला.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं रँडम मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) घ्या. त्यातलं रँडम हेच नाव असलेलं फंक्शन दर वेळी ० ते १ मधला एक आकडा देतं (० येऊ शकतो, १ कधीच येत नाही). आकडा ०.७५ पेक्षा लहान आला तर बी उगवली, नाहीतर गेली. मराठीत मांडला तर प्रोग्रॅम एवढाच:

रिकाम्या = ०
हजार वेळा करा:
पहिली बी: नवा आकडा काढा, ०.७५ पेक्षा लहान आहे का?
दुसरी बी: परत नवा आकडा काढा, ०.७५ पेक्षा लहान आहे का?
दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर रिकाम्या + १
शेवटी रिकाम्या छापा

‘परत नवा आकडा’ हे शब्द महत्त्वाचे. एकदाच काढलेला आकडा दोन्ही बियांना लावला, तर दोन्ही एकत्रच उगवतात नाहीतर एकत्रच मरतात, आणि उत्तर पुन्हा २५० च्या आसपास जातं. एरर येत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडतही नाही.

प्रोग्रॅम नीट असेल तर ५८, ७०, ६१ असं काहीतरी येईल. कागदावर ०.२५ गुणिले ०.२५ म्हणजे ०.०६२५, हजारात साडेबासष्ट. मग ५८ चूक का? नाही. १००० × ०.०६२५ × ०.९३७५ याचं वर्गमूळ काढा, ७.६५ येतं. हे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे साधारण ४७ ते ७८, एवढा हेलकावा वीसपैकी एकोणीस वेळा दिसणारच. ११० आले तर मात्र प्रोग्रॅम तपासा. आता हा अख्खा प्रयोग आणखी एका लूपमध्ये (तेच काम परत परत करणाऱ्या ओळींमध्ये) घालून २००० वेळा चालवा आणि कोणता आकडा किती वेळा आला त्याचा स्तंभालेख, म्हणजे हिस्टोग्राम, पायथॉनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीवर काढा. सूत्रातला ७.६५ त्या टेकाडाच्या रुंदीत दिसतो.

दर वेळी तेच आकडे हवे असतील तर सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात जिथून होते तो आकडा, ठरवून द्यायचं (सीड म्हणजे बी; सरकीच्या हिशोबात नाव बरं जमलंय). ती ओळ लूपच्या बाहेर, सगळ्यात वर लिहा. आत लिहिलीत तर दोन हजार प्रयोगांचं उत्तर एकच येईल.

आता खरी गोम. ०.२५ ला ०.२५ ने गुणलं ते दोन्ही बियांचं नशीब वेगळं आहे असं मानून. पण एका फुलीवरच्या बिया एकाच ओलीवर असतात. समजा दहातली एक फुली कोरडी, तिथे उगवण ३० टक्के. बाकी नऊ ठिकाणी ८०. सरासरी काढून पाहा, ती तीच ७५ टक्के येते. प्रोग्रॅममध्ये आधी एक आकडा काढून फुली कोरडी की ओली ते ठरवा, मग त्यानुसार दोन्ही बिया तपासा. रिकाम्या फुल्या ६२ वरून ८५ च्या आसपास जातात. कागदावरही जुळतं: ०.१ × ०.४९ अधिक ०.९ × ०.०४, म्हणजे ०.०८५. पाकिटावरचा टक्का तोच, नांग्या मात्र जास्त. ‘स्वतंत्र घटना’ ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही एक ओळ बदलून पाहणं केव्हाही चांगलं.

संख्याशास्त्रासाठी रावेर-यावलकडची केळी घ्या. पाच घडांची वजनं १८, २०, २२, २४, २६ किलो. सरासरी २२. फरकांच्या वर्गांची बेरीज ४०. तिला ५ ने भागून वर्गमूळ काढलं तर २.८३, ४ ने भागून ३.१६. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीचं एसटीडी हे फंक्शन आपणहून पहिलं देतं, स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलचं एसटीडेव्ह दुसरं. नमुन्यावरून अख्ख्या बागेबद्दल बोलायचं असेल तर दुसरं घ्या.

बागेची सरासरी किती भरवशाची, हे पाहायला बूटस्ट्रॅप आहे. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी तो १९७९ मध्ये मांडला. ३० घड मोजा. त्या ३० वजनांतून, उचललेलं परत ठेवत, ३० वजनं निवडा आणि सरासरी लिहून ठेवा. असं ५००० वेळा. सरासऱ्या चढत्या क्रमाने लावून १२५ वी आणि ४८७५ वी पाहा; त्या दोहोंमधली पट्टी म्हणजे ९५ टक्क्यांची. यासाठी रँडम मॉड्यूलमधलं चॉइसेस हे फंक्शन वापरा. सॅम्पल वापरलंत तर ते परत ठेवत नाही, तेच ३० घड फक्त उलटसुलट क्रमाने येतात आणि पाच हजारही वेळा सरासरी एकच. आणि ३० घड बांधाकडच्या ओळीतलेच मोजले असतील, तर पट्टी कितीही अरुंद आली तरी ती बांधाकडच्या ओळीचीच.