बोलिंग लाउंज आणि कॉकटेल बार एकाच जागेत: आखणीतल्या या चुका टाळा

बोलिंग आणि बार एकत्र करायचं ठरलं की बहुतेक मालक आधी थीम आणि निऑनची पाटी निवडतात, मग जागेत लेन बसतात का ते बघतात. क्रम उलटा हवा. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, अलीकडे धाव घ्यायला किमान १५ फूट, पिनांमागे पिना पुन्हा उभ्या करणारं यंत्र आणि मेकॅनिकला वावरायला जागा. बेरीज नव्वदीच्या घरात जाते, आणि बसायची जागा त्याहून वेगळी. मुंबईतल्या जुन्या गिरणीच्या आवारात किंवा मॉलमध्ये एवढा सलग, बिनखांबाचा गाळा सहजी मिळत नाही. लेनच्या दोन जोड्यांमध्ये खांब आला तर निभावतं. अप्रोचवर, म्हणजे धाव घ्यायच्या पट्ट्यात आला तर नाही. लांबी कमी पडत असेल तर अप्रोच कापू नका, छोट्या चेंडूंच्या आखूड डकपिन लेनचा विचार करा.

सगळ्यात महागात पडते ती ग्लास आणि अप्रोच जवळ आणण्याची चूक. बोलिंगच्या बुटांचे तळ मुद्दाम गुळगुळीत केलेले असतात, शेवटच्या पावलाला घसरता यावं म्हणून. तळाला मोहितोचे चार थेंब लागले की बूट जागीच धरतो आणि सात किलोपर्यंतचा बॉल हातात असलेला माणूस तोंडावर आपटतो. ‘पेय नेऊ नये’ अशी पाटी लावून हे थांबत नाही. लोक ग्लास बॉल रिटर्नवर, म्हणजे बॉल परत येतो त्या स्टँडवर ठेवतात, कारण हाताशी सपाट जागा तेवढीच असते. म्हणून प्रत्येक सोफ्याजवळ उंच काठाचं टेबल द्या आणि सोफ्यांच्या पाठीमागे उभ्याने ग्लास ठेवता येईल अशी छातीएवढी अरुंद फळी. बार आणि अप्रोच यांच्यामध्ये रुंद कार्पेटचा पट्टा हवाच. बुटाचं पाणी तिथेच टिपलं जातं. स्वच्छतागृहाच्या वाटेवरही असाच पट्टा टाका, कारण मंडळी बोलिंगचे बूट घालूनच तिकडे जातात आणि ओले तळ घेऊन परततात. ही गोष्ट नकाशावर जवळजवळ कुणी बघत नाही.

बार आणि बोलिंग या दोन भागांत ‘वेगळेपणा दिसावा’ म्हणून एक पायरी देण्याचा मोह होतो. अंधुक प्रकाशात, दुसऱ्या पेगनंतर ती पायरी दिसत नाही. जमीन सपाट ठेवा, रंग आणि पोत बदला. व्हीलचेअरही अडणार नाही.

पावसाळ्यात अप्रोच चिकट वाटू लागला, तर पुसणाऱ्याला दोष देण्याआधी रात्री एसी बंद होतो का ते विचारा. लेनखालचा सांगाडा बहुधा लाकडी असतो आणि मुंबई-गोव्याची दमट हवा त्याला मानवत नाही. दुसरा संशयित बारचा बर्फ. आइस मशीन आणि सिंकचा निचरा लेनच्या बाजूने काढू नका, आणि बार काउंटरच्या आतल्या जमिनीला उतार व जाळी द्याच.

आवाजाचं काम लेन बसवण्याआधी करावं लागतं. भिंतींना फोम चिकटवून खालच्या मजल्यावरचा धक्का कमी होत नाही, कारण तो स्लॅबमधून जातो. लेनखाली रबरी आधारांवर तरंगती जमीन घ्या. दोरीवर चालणारी, म्हणजे पिना दोरीला बांधून उचलणारी यंत्रं तुलनेने शांत असतात आणि देखभालही कमी मागतात. पार्टीसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती पुरतात.

सजावटीचं सामान निवडताना कमला मिल विसरू नका. २०१७च्या डिसेंबरअखेरीस तिथल्या पबच्या आगीत १४ जणांचा जीव गेला. साधा फोम, ताडपत्री, प्लास्टिकची पानं छताला नकोत, आणि बाहेर पडायच्या वाटेत स्टूल रचून ठेवायला जागाच उरू देऊ नका.

अतिनील दिव्यांखाली जिन-टॉनिक निळं चमकतं, कारण टॉनिकमध्ये क्विनीन असतं. बारला हे दिवे शोभतात. पण त्याच उजेडात कपड्यांवरचे तंतू आणि सोफ्यावरचे डागही उजळतात, म्हणून सोफ्याच्या कापडाचा तुकडा आधी त्या दिव्याखाली धरून बघा.

शेवटचा मुद्दा वाटेचा. बोलिंगला मुलांचे वाढदिवस येतात, आणि महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. दारातून बूट-काउंटर आणि तिथून थेट लेन, अशी बारला न ओलांडणारी वाट पहिल्याच नकाशात आखा. परवान्यासाठी बारची हद्द दाखवतानाही तीच कामी येते.