ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमान पावणेदोन तासांचं, पण दिवस पूर्ण धरा

नॉर्वेत नवीन आलेली आपली मुलं भेटली की हे हमखास विचारतात, दादा, उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोवरून स्वालबार्डला, म्हणजे त्याच्याही उत्तरेला असलेल्या नॉर्वेच्या बेटांवर, जायला वेळ किती लागतो? विमान उतरतं ते तिथल्या मुख्य गावात, लाँगइयरब्येनला. हवाई अंतर साधारण 957 किलोमीटर, म्हणजे मुंबई-बंगळूरपेक्षा जास्त आणि मुंबई-दिल्लीपेक्षा कमी, आणि विमानाला लागतात एक तास चाळीस मिनिटं. ओस्लोवरून थेट गेलात तर दोन हजार किलोमीटर नि तीन तास. घड्याळ दोन्हीकडे एकच.

पण एवढंच बघून त्याच संध्याकाळी काही महत्त्वाचं ठरवू नका, कळकळीने सांगतोय. मी पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारी होता, लाँगइयरब्येनच्या वर पोचलो, खाली धुकं, विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि सरळ परत ट्रॉम्सो. रात्र हॉटेलात काढली, बीपीच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत आणि बॅग काही हातात मिळेना. तेव्हापासून गोळ्या, चार्जर, एक जाड स्वेटर आणि थोडा चिवडा-लाडू कायम हँडबॅगेत. परतीच्या वेळी पण तसंच, भारताचं विमान पकडायचं असेल तर मध्ये एक रात्र ठेवाच, पैसे गेले तरी चालतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पासपोर्ट. स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे, 1920 च्या करारापासून, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यामुळे तिकडे जाताना पासपोर्ट तपासतात आणि परत येताना पुन्हा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं, पण तिथे जाणार नॉर्वेतूनच ना! तुमच्याकडे एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर तिकडे गेल्यावर परत येता येणार नाही, दोनदा किंवा जास्त वेळा प्रवेशाचा हवा. आपल्या एका मुलाला हे आयत्या वेळी कळलं, बिचाऱ्याचं तिकीट बुडालं. नॉर्वेत राहण्याचं रेसिडेन्स कार्ड असेल तर कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही घ्या. आणि जे तिथे राहायलाच जाणार आहेत त्यांनी आधीच बघून ठेवा, तिथे काढलेली वर्षं नॉर्वेच्या कायम वास्तव्यासाठी धरत नाहीत.

उतरताना विमानाचा दरवाजा उघडायच्या आधी टोपी-हातमोजे घाला. जिना उतरून उघड्यावरून चालत इमारतीत जायचं असतं, हिवाळ्यात पहिल्याच श्वासाला नाकातले केस कडक होतात, आणि फोन चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडू शकतो. आत बॅगांच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे. बाहेरची खरी असतात, म्हणून वस्तीबाहेर एकटं फिरायचं नाही, ज्याच्याकडे अस्वलापासून बचावाची साधनं आहेत अशा गाईडबरोबरच जा.

ऑक्टोबर संपता संपता सूर्य जातो तो फेब्रुवारीच्या मध्यालाच येतो, त्यातल्या ऐन मधल्या दिवसांत पोचलात तर दुपार की मध्यरात्र ते कळत नाही, झोपेचं वेळापत्रक पहिल्याच दिवसापासून पाळा.

गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून कोणी इकडे येत असेल तर त्यांचं हिमाद्री स्टेशन अजून पुढे आहे, नी-आलेसुंद नावाच्या छोट्या वस्तीत. तिथे छोट्या डॉर्नियर विमानाने वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि ते तर हवेवर आणखी अवलंबून, म्हणून लाँगइयरब्येनमध्ये एक जास्तीचा दिवस धराच. एअरपोर्टवरून गावात जायला प्रत्येक विमानाला धरून बस असते, आधी बॅग घ्या आणि तडक बसमध्ये बसा.