आयलन डोनन बघायचाय? आधी भरतीची वेळ बघा

स्कॉटलंडमध्ये स्काय बेटाकडे जाताना डॉर्नी गावाजवळ आयलन डोनन किल्ला लागतो. आदल्या दिवशीच तिथली भरतीची वेळ बघून ठेवा. डुइच, लाँग आणि आल्श या तीन खाऱ्या लॉकांचं, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांचं, पाणी इथे एकत्र येतं. भरतीला किल्ल्याभोवती पाणीच पाणी. ओहोटीला मात्र दगडगोटे आणि तपकिरी समुद्रशेवाळ उघडं पडतं. संध्याकाळच्या उन्हात भरती गाठता आली तर सोन्याहून पिवळं!

नुसता बाहेरून फोटो काढून निघू नका. पहिली तटबंदी तेराव्या शतकातली. १७१९ साली जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या उठावात, बंडखोरांच्या मदतीला आलेले स्पॅनिश सैनिक इथे होते. ब्रिटिश युद्धनौकांनी आधी तोफा डागल्या, मग आतल्याच तोफेच्या दारूने किल्ला उडवून दिला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं नुसते अवशेष. जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी १९११ साली बेट विकत घेतलं आणि १९३२पर्यंत खपून आजचा किल्ला उभा केला. कमानींचा दगडी पूलही त्याच काळातला. एवढ्या चिकाटीपुढे ‘हा जुना नाही’ ही तक्रार मला पटत नाही.

हिवाळ्यात आतला भाग बंद असू शकतो, तेव्हा वेळा तपासूनच निघा. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाच्या बारीक माश्या फोडून काढतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.