जुन्या गाडीचं चेंबर पॅकिंग घरच्या घरी कसं बदलायचं

इंजिनाखाली रोज सकाळी काळ्या तेलाचा डाग दिसला की बहुतेक जण थेट चेंबर पॅकिंग, म्हणजे इंजिनाच्या तळाशी बसणाऱ्या तेलाच्या टाकीच्या (चेंबरच्या) कडेचं पॅकिंग, आणायला धावतात. आधी गळती कुठून आहे ते नक्की करा. तेल नेहमी खाली उतरतं. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), ऑइल फिल्टर किंवा क्रँकचं सील गळत असलं तरी थेंब शेवटी चेंबरच्याच कडेला लोंबतो. इंजिन थंड असताना खालची बाजू डिझेल आणि ब्रशने धुवा, पुसून कोरडी करा, मग पंधरा मिनिटं इंजिन चालवून टॉर्चच्या उजेडात बघा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर फिरून आल्यावर हे पाहू नका, काहीच समजत नाही.

कोकणात आणखी एक शक्यता असते. खाऱ्या हवेने पत्र्याचं चेंबरच गंजून त्याला सुईएवढी भोकं पडतात. गंज खरवडून स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा आत दबला तर नवं चेंबर घ्या, नुसत्या पॅकिंगने गळती थांबणार नाही.

सामान: पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल फिल्टर, तेल (मारुती 800 ला साधारण 3 लिटर), सिलिकॉनची ट्यूब, 10 नंबरची गोटी (सॉकेट पाना), गंज सोडवणारा स्प्रे.

आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे 6 मिलिमीटरचे बोल्ट गंजून बसलेले असतात आणि जोर लावला की मान तुटते. बोल्ट आधी किंचित आवळा, ‘कट्’ असा आवाज आला की उलटा फिरवा. अडला तर पुन्हा स्प्रे मारा आणि थांबा.

गाडी सिमेंटच्या किंवा फरशीच्या सपाट जागेवर घ्या आणि जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. अंगणातल्या लाल मातीत स्टँड रुततो, नाइलाज असेल तर खाली जाड फळी घाला. जांभ्याचा चिरा मात्र गाडीखाली कधीही लावू नका. वरून भक्कम दिसतो, पण एका कोपऱ्यावर वजन आलं की एकदम फुटतो. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखालीही शिरू नका.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कोमट तेल घमेल्यात सोडा. बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लचखालचा पत्रा आड येतो, तेही काढावे लागतात. बोल्ट निघाल्यावर चेंबर चिकटून राहिलं तर बाजूला रबरी हातोडीने ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंत तर कड वाकते, ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) ओरखडा पडतो आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते.

तळाशी काय साचलंय ते बोटाने चोळून पाहा. काळा गाळ जुन्या इंजिनात असतोच. तांबूस, चमकणारी पूड दिसली तर बेअरिंग झिजलंय, तेव्हा पॅकिंगआधी मेकॅनिकला दाखवा. तेल ओढणारी जाळीही धुऊन घ्या. तिचा पाइप काढला असेल तर त्याची रबरी रिंग नवी टाका, नाहीतर पंप हवा ओढतो.

काम बिघडतं ते बहुतेक यापुढे. चेंबरची कड सरळ पट्टीवर किंवा काचेवर धरा. आधी कुणीतरी बोल्ट पिळलेले असतात, त्यामुळे भोकांभोवतीचा पत्रा ब्लॉकच्या बाजूला फुगलेला दिसतो. तो उंचवटा ब्लॉकला टेकतो आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. कड सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने बसवा. बाहेरून रेड ऑक्साइड लावायचा असेल तर आत्ताच लावून वाळू द्या, कड मात्र कोरी ठेवा.

ब्लॉकवरून तेल झिरपत राहतं म्हणून तो रात्रभर निथळू द्या. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, थिनरच्या फडक्याने पुसा. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागता कामा नये. कॉर्कचं पॅकिंग कोरडंच बसवा. पुढचं कव्हर आणि मागच्या सीलचा सांधा येतो त्या कोपऱ्यांवर तेवढा 2-3 मिलिमीटरचा सिलिकॉन द्या. जास्त दिलेला सिलिकॉन आत सुटून जाळीत अडकतो. आपल्या दमट हवेत तो चांगला धरतो, पण ओल्या पत्र्यावर चिकटत नाही.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून कडेकडे, समोरासमोरचे घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ताण 9 ते 12 न्यूटन मीटर, म्हणजे आखूड पान्याने मनगटाच्या जोराइतकाच. कॉर्क किंचित फुगला की थांबा, बाहेर सरकायला लागला तर तो गेला.

सिलिकॉन 24 तास वाळू द्या. नवा फिल्टर लावा, डिपस्टिक बघत तेल भरा, बॅटरीची वायर जोडा आणि इंजिन चालू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. थोडी गाडी चालल्यावर कॉर्कचे बोल्ट एकदा हलकेच तपासा. तरीही सगळ्या कडेने तेल फुटत असेल तर ब्रीदरचा (इंजिनातली हवा बाहेर सोडणारा) पाइप उघडून पाहा. तो तुंबला की इंजिनातला दाब नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो.

जुनं तेल डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा विहिरीजवळ ओतलेलं तेल जांभ्याच्या भेगांतून थेट पिण्याच्या पाण्यात उतरतं.