गावच्या कुस्ती निवेदकाचा आवाज कसा जपायचा

आमच्या भागात मैदान म्हटलं की आधी हलगी, आणि हलगीवरून उठणारा एक आवाज. खानापूर, यळ्ळूर, बेळगावातला आनंदवाडीचा आखाडा, जाईल तिथं माईकवर आमचे मामाच, डाव मराठीत सांगायचे आणि गर्दीत कन्नड मंडळी दिसली की दोन वाक्यं कन्नडमधून. मामा गेले, दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागले, पण त्यांचा पाच मिनिटांचा नीट आवाज कुणाकडंच निघेना, ते लई मनाला लागलं. मग आम्ही जे केलं ते सांगतोय.

बारावा होईपर्यंत घरच्यांना काही मागू नका. तोवर गावच्या ग्रुपवर टाका की कुणाकडं मैदानाचे व्हिडिओ असतील तर डिलीट करू नका, आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, साधा व्हिडिओ पाठवला तर व्हॉट्सअपवर त्याची क्वालिटी उतरते.

कॅसेट सापडली तर लगेच टेपमध्ये घालू नका. पांढरी बुरशी दिसली तर जाणकाराकडं द्या. चांगली असेल तर आधी वरच्या कडेचे दोन बारके प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वरनं रेकॉर्डिंग होत नाही (आमच्या एका कॅसेटवर कुणीतरी लग्नाची गाणी भरलेली, मामा शेवटी थोडेसेच उरलेत). टेपच्या हेडफोनच्या भोकातनं वायर कॉम्प्युटरला, आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मूळ फाईल वेव्हमध्ये (WAV) ठेवा, वाटायला एमपीथ्री करा. कॉपी तीन ठिकाणी, एक तरी गावाबाहेर.

आता खरं काम. म्हाताऱ्या वस्तादांना एकत्र बसवा आणि क्लिप ऐकवा, चित्र न दाखवता. नुसत्या आवाजावरनं ते सांगतात बघा, कुठला डाव ते, हा घिस्सा, ही एकलांगी, आता ढाक लागली, अन् हा पैलवान अमक्या तालमीचा. मामा कुस्ती निकालाला आली की आवाज चढवायचे नाहीत, उलट खाली आणायचे, हे आम्हाला तिथंच कळलं. दुसऱ्या मोबाईलवर ही बैठकही रेकॉर्ड करा, आणि फाईलच्या नावात गाव, साल, जोड (कुणाची कुणाशी कुस्ती) लिहा, नाहीतर दहा वर्षांनी कुणाला काही कळणार नाही.

अमेरिकेत बेसबॉलचे निवेदक विन स्कली होते, १९५० ते २०१६ असे ६७ सीझन एकाच डॉजर्स टीमसाठी बोलले. लोक स्टेडियममध्ये बसून, मॅच डोळ्यांसमोर चाललेली असताना, ट्रान्झिस्टरवर त्यांना ऐकायचे. आपल्याकडं मागच्या रांगेतल्याला आखाडा दिसतच नाही, त्याला तर मामांच्या आवाजातनंच कुस्ती दिसायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्कली गेले तेव्हा खेळाडूंनी जर्सीवर माईकचं चित्र लावलेलं.

पुढच्या जत्रेच्या मैदानात एक मिनिट शांतता ठेवाच, पण घरच्यांना विचारून त्यानंतर मामांच्या आवाजातली एक जोड लावा, पूर्ण, चितपट होईपर्यंत. स्पीकर आदल्या दिवशी तपासा. मामांच्या घरच्यांना पुढं बसवा, आणि क्लिप संपली की मगच हलगीवाल्याला खूण करा.