संगीन बसत नाही? आधी कानस खाली ठेवा

अमेरिकेत आलेला आपला माणूस जुन्या लष्करी रायफलींच्या नादाला लागला की पहिली खरेदी बहुधा ली-एनफिल्डची करतो. लहानपणी पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली थ्री-नॉट-थ्री, त्यात ईशापूरचा शिक्का दिसला की पाकीट आपोआप उघडतं. महिन्याभरात तो संगीनही आणतो आणि मला फोन येतो: "बसत नाहीये."

माझा प्रश्न ठरलेला. मुठीच्या लाकडावर दोन आडव्या खाचा आहेत का?

१९०७ च्या नमुन्याची संगीन नंबर १ मार्क ३ ली-एनफिल्डची, १९१३ च्या नमुन्याची पी-१४ या दुसऱ्या ब्रिटिश रायफलीची. दोन्हींचं पातं १७ इंची, लांबून जुळ्या बहिणी. पण १९०७ ची कडी, म्हणजे मुठीपुढच्या आडपट्टीवरचं गोल कडं, नळीवर चढतच नाही, ती नळीखालच्या खुंटीसारख्या बोंडावर बसते. १९१३ ची थेट नळीवर चढते, म्हणून तिची आडपट्टी लांब आणि कडी जास्त वर. घोळ होऊ नये म्हणूनच त्या खाचा कोरल्या होत्या. अमेरिकन १९१७ रायफलीच्या संगिनीवरही त्याच, आणि इथल्या गन शोमध्ये त्या सहज मिळतात.

एका मित्राने तीच आणली. इंजिनीअर माणूस, पण धीर म्हणून नाही. मी पोचलो तेव्हा गॅरेजमध्ये पोरीच्या सायकलवर लोखंडाचा भुगा पडला होता आणि कडी आतून चकाकत होती. "जरासंच घासायचं राहिलंय," म्हणाला. अरे बाबा, कडी मोठी केल्याने ती खाली थोडीच येणार आहे? दोन तासांच्या मेहनतीनंतर ती संगीन ली-एनफिल्डवर बसेना ती बसेनाच, आणि आता १९१७ वरही नीट बसणार नाही, डुगडुगेल. नंतर कळलं, खाचा त्याने पाहिल्या होत्या. त्याला ती नक्षी वाटली.

दुसरं दुखणं मोसिन-नागां ९१/३० या रशियन रायफलीचं. ही चौधारी संगीन नळीवर सरकवून माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या, पायाशी वळवायची असते. अर्ध्यात अडकली की लोक हातोडा काढतात. अहो, कोठारात ठेवताना फासलेलं कॉस्मोलिन, म्हणजे गंज रोखणारं ग्रीस, आत सुकून लाखेसारखं झालेलं असतं! मी उकळतं पाणी ओततो, मग रॉकेल आणि जुना टूथब्रश, आणि एक रात्र तशीच ठेवतो. सकाळी निम्म्या संगिनी तळहाताच्या थापेने बसतात. उरलेल्या मुळात दुसऱ्या रायफलीच्या असतात. प्रत्येक संगीन आपापल्या रायफलीला जुळवून बसवलेली असायची, म्हणून तर त्यावर नंबर. तशी असेल तर दुसरी शोधा. यूट्यूबवरच्या दोन मिनिटांच्या युक्त्या मला सांगू नका.

ही रायफल संगीन चढवूनच नेमाला लावलेली असते. संगीन काढून नेम चुकतो म्हणून माशी ठोकणाऱ्यांनी आधी संगीन लावून पाच गोळ्या झाडून पाहाव्यात.

बाकी किरकोळ. ली-एनफिल्ड नंबर ४ ला १९०७ ची लागत नाही, तिची खिळ्यासारखी संगीन वेगळी. नंबर ५ जंगल कार्बाइनच्या संगिनीची कडी मोठी, ती नंबर ४ वर लावू नका. चेक व्हीझेड-२४ रायफलीची कडीवाली संगीन जर्मन ९८-के रायफलीवर बसत नाही. जर्मनांनी स्वतः त्या कड्या कापून टाकल्या होत्या, तुम्ही कापू नका. आणि भारतात नातेवाइकांना भेट म्हणून सामानात संगीन टाकायची नाही, तिथल्या शस्त्र नियमांत तिचं नाव आहे.

बोल्ट उघडून चेंबरमध्ये बोट घालून बघितल्याशिवाय नळीच्या तोंडाशी हात नेऊ नका. पात्याची संगीन मी म्यानासकटच बसवून पाहतो. मोसिनच्या संगिनीला बहुधा म्यान नसतंच, तिच्या टोकावर वाइनच्या बाटलीचं बूच खोचतो. डाव्या तळहातावरचा वण बुचाआधीचा आहे.