कॉपीराइटची जनजागृती करताय? या चुका टाळा

कार्यशाळा संपून चहा चालू होता. साठीच्या एक बाई जवळ आल्या आणि पिशवीतून दोनशे पानी वही काढली. आत त्यांनी स्वतः रचलेल्या ओव्या होत्या, निळ्या शाईत, प्रत्येक पानाखाली तारीख आणि सही. त्यांनी विचारलं, "साहेब, याचा कॉपीराइट काढायला किती दिवस लागतील? तो मिळेपर्यंत मी कुणाला म्हणून दाखवत नाहीये. चार वर्षं झाली."

त्या सकाळपासून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी तीन तास बोललो होतो. ऑनलाइन अर्ज कसा भरायचा, फी किती, कागद कोणते, सगळं पडद्यावर दाखवलं होतं. ओवी वहीत उतरली त्याच क्षणी हक्क त्यांचा झाला होता, ही गोष्ट मी ओझरती सांगितली होती आणि ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

सरकारी कॉपीराइट यंत्रणेच्या वतीने लोकांसमोर उभं राहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात अधिकारी आले, महाविद्यालयांच्या आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) कक्षाचे समन्वयक आले आणि व्याख्याते म्हणून बोलावले जाणारे वकीलही आले. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत.

सुरुवातच नोंदणीपासून करणं

आपल्याकडे लोक "कॉपीराइट काढला" असं म्हणतात, रेशनकार्ड काढल्यासारखं. या क्रियापदातच गैरसमज आहे, आणि आपण पहिल्याच स्लाइडवर अर्जाचा नमुना दाखवला की तो पक्का होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क निर्मितीबरोबर येतो, नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते, तो तिचा खरा फायदा. दावा लावण्यासाठी नोंदणी लागतेच असं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात स्पष्ट केलं.

म्हणून क्रम उलटा करा. पहिल्या दहा मिनिटांत "तुमचा हक्क तुमच्याजवळ आधीच आहे" हे सांगा, मग तो कसा हातातून जातो ते सांगा, आणि नोंदणी शेवटी. मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्या लेखक-कलावंतांचं नुकसान चोरीइतकंच सहीमुळेही होतं. कायद्याचं कलम १९ मी आता प्रत्येक ठिकाणी फळ्यावर लिहितो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी हवा आणि देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, तर एरवी काही ठरलेलं नसल्यास ते परत येतात. एका गावी हे ऐकून एका कथालेखकाने खिशातून दिवाळी अंकाची मानधनाची पावती काढली आणि विचारलं, "म्हणजे ही कथा अजून माझीच?" पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख होती. तो त्या अंकाचा नोकरदार नव्हता, करार नव्हता. कथा त्याचीच होती.

छायाचित्रकारांसमोर मात्र जपून बोला. "ज्याने काढला त्याचा फोटो" असं सरसकट सांगून टाकू नका. मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काढून घेणारा ठरतो. स्टुडिओवाल्यांना हे आवडत नाही, तरी ऐकवलंच पाहिजे. करारात एक ओळ घालून ते हे बदलू शकतात, हेही लगेच सांगावं.

कायद्याच्या पुढे एक पाऊल टाकणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लोकांना सोपं उत्तर हवं असतं, वरून सूचना आलेली असते, आणि कायद्यात नसलेली खात्री यंत्रणा देऊन बसते.

लग्नातल्या गाण्यांचं उदाहरण घ्या. कलम ५२ मध्ये एक अपवाद आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या दरम्यान गाणं-बजावणं झालं तर तो हक्कभंग नाही, आणि स्पष्टीकरणात वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे यांचा उल्लेख आहे. या शब्दांची हद्द कुठपर्यंत, हाच वाद. संगीत फक्त विधीपुरतं, की हॉटेलच्या लॉनवर रात्री चालणाऱ्या डीजेपर्यंत? केंद्राच्या संबंधित विभागाकडून ऑगस्ट २०१९ मध्ये यावर जाहीर सूचना निघाली. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने ती २०२२ मध्ये रद्द केली. जुलै २०२३ मध्ये पुन्हा तशीच सूचना आली. तिच्या पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढलं, की अशा समारंभांसाठी हॉटेलांनी किंवा कॉपीराइट सोसायट्यांनी (हक्कदारांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थांनी) परवानगीचा आग्रह धरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तेही रद्द केलं. विधिमंडळाने लिहिलेल्या शब्दांचा विस्तार परिपत्रकाने करता येत नाही.

इंटरनेटवरच्या गाण्यांचंही तेच झालं. रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी असलेला कलम ३१ड मधला वैधानिक परवाना (हक्कदाराची परवानगी न घेता, ठरवून दिलेली रक्कम भरून गाणी वापरण्याची सोय) इंटरनेटलाही लागू आहे, असं सांगणारं निवेदन सप्टेंबर २०१६ मध्ये निघालं. एप्रिल २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचं अ‍ॅप या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो अर्थ मानला नाही.

या मधल्या काळात काय होतं ते बघा. कार्यालयमालक परिपत्रकाची झेरॉक्स काउंटरवर लावतो. वधूपिता निर्धास्त होतो. परिपत्रक रद्द होतं, पण ती झेरॉक्स काढायला कुणी जात नाही. पुढच्या हंगामात नोटीस येते तेव्हा त्या माणसाचा राग हक्कदारावर नसतो, "सरकारनेच सांगितलं होतं" यावर असतो. एकदा गेलेला हा विश्वास परत मिळवायला फार वर्षं लागतात.

उपाय साधा आहे, फक्त पाळावा लागतो. माहितीपत्रकात कलमाचे शब्द जसेच्या तसे मराठीत द्या. त्याखाली वाद कुठे आहे ते दोन ओळींत लिहा. न्यायालयाने काय म्हटलं ते तारखेसह लिहा. आणि समोरच्याने "मग माझ्या मुलीच्या लग्नात वाजवू का?" असं विचारलं, तर यंत्रणेच्या माणसाने निवाडा देऊ नये. वरातीबद्दल कायद्यात स्पष्ट शब्द आहेत, हे सांगावं. लॉनवरच्या कार्यक्रमाबद्दल वाद आहे, तेव्हा परवाना कुणाकडून मिळतो याची चौकशी करून ठेवा, एवढंच सांगावं. हे उत्तर अपुरं वाटतं, पण खरं आहे.

धाक दाखवणं

तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, हातात बेड्या घातलेल्या माणसाचं चित्र. असं पोस्टर महाविद्यालयात लावलं की त्याचा परिणाम सीडी विकणाऱ्यांवर होत नाही, शिक्षकांवर होतो. एका शाळेत बाईंनी स्नेहसंमेलनातून नाटुकली वगळली, कारण "कॉपीराइटची केस होते". खरं तर शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग, प्रेक्षकांत त्यांचे पालक आणि शाळेशी थेट संबंधित माणसंच असतील, तर त्याला कलम ५२ चं संरक्षण आहे. तिकीट लावून गावाला बोलावलं की गोष्ट बदलते. हा फरक सांगायला दोन मिनिटं पुरतात.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला शिक्षकांना जरूर सांगा. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील उताऱ्यांच्या प्रती काढण्यावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या अपवादाला व्यापक अर्थ दिला. ग्रंथपालांना सांगा, की भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभ प्रती तयार करण्याची मोकळीक २०१२ च्या दुरुस्तीपासून आहे, आणि अशा सुलभ प्रतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, २०१४ मध्ये. अंधशाळेतल्या शिक्षकांनाच हे माहीत नसतं तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ज्यांच्यासाठी कायदा बदलला त्यांच्यापर्यंतच आपण गेलो नाही.

मर्यादा सांगाल तितक्याच ठळकपणे मोकळीक सांगा. दोन्ही कायद्यातच आहेत.

लोक बोलत नाहीत ती भाषा

कॉपीराइटसाठी "प्रताधिकार" हा चांगला शब्द आहे, पण तो एकटा पुरत नाही. "अभिहस्तांकन" (हक्क लिहून देणं) तर सभागृहात कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. घर विकणं आणि घर भाड्याने देणं, असं म्हटलं की लगेच कळतं. "हक्क लिहून दिले" म्हणजे विकलं, "छापायला परवानगी दिली" म्हणजे भाड्याने दिलं. मानधन आणि रॉयल्टी हे दोन शब्दही लोक एकाच अर्थाने वापरतात. एकदाच मिळतं ते आणि दर प्रतीमागे, दर वापरामागे मिळतं ते, असा भेद आकडे मांडून दाखवा.

आणि उदाहरणं इथली घ्या. परदेशी कार्टूनच्या टी-शर्टचं चित्र दाखवून वारकऱ्याला काही समजणार नाही. तुकोबांचा अभंग घ्या. शब्द सतराव्या शतकातले, सगळ्यांचे. चाल एखाद्या संगीतकाराने बांधली असेल तर ती त्याची, त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं. ध्वनिमुद्रण कंपनीचं असेल तर प्रकाशनानंतर साठ वर्षं त्याचे हक्क वेगळे. एका भजनी मंडळात मी हे सांगितलं. पेटीवाल्या काकांनी लगेच विचारलं, "आमची चाल आमच्या आजोबांची, ती कुणाची मग?" खरी चर्चा तिथून सुरू झाली. भजनी मंडळांचे व्हिडिओ यूट्यूबवरून का उतरवले जातात, हे तिथल्या पोरांना या एका उदाहरणावरून कळलं. तिथे शब्दांमुळे काही होत नाही, मागे लावलेल्या ध्वनिमुद्रणामुळे होतं.

मुदतही माणसांच्या नावांनी शिकवा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. साठ वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजायची, म्हणजे २०११ उजाडताच त्यांचं लेखन मुक्त झालं. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत परवानगी लागेल. नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना हे गणित फळ्यावर स्वतः करू द्या.

जुन्या स्लाइड

हे पटकन तपासा. तुमच्या सादरीकरणात अजून "मनुष्यबळ विकास मंत्रालय" असेल तर ते काढा, २०१६ पासून कॉपीराइटचं काम उद्योग विभागाकडे आहे. "कॉपीराइट बोर्डाकडे अपील" असेल तर तेही काढा. बोर्डाचं काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं आणि ते मंडळही २०२१ मध्ये बरखास्त झालं. आता उच्च न्यायालय. पेटंटचं कार्यालय मुंबईत आहे म्हणून लोक कॉपीराइटसाठीही तिथे खेटे घालतात. कॉपीराइट कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो.

फोन तोच तोच येतो

मदतकक्षात पुन्हा पुन्हा तोच प्रश्न येत असेल, तर दोष विचारणाऱ्यांचा नाही, आपल्या सांगण्यात फट आहे असं समजा. माझ्या अनुभवात फोन याच तीन-चार गोष्टींवर येतात.

"डायरी नंबर आला, म्हणजे झालं ना?" नाही. डायरी नंबर ही अर्ज पोहोचल्याची खूण. त्यानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबतात, मग तपासणी होते. ही गोष्ट फीच्या पानावरच ठळक छापली तर निम्मे फोन कमी होतात.

"त्रुटीचं पत्र आलं." बहुतेक वेळा ना-हरकत पत्र नसतं. अर्जदार आणि लेखक वेगवेगळे असतील तर लेखकाचं, पुस्तक छापलेलं असेल तर प्रकाशकाचं, मुखपृष्ठावर कुणाचा फोटो असेल तर त्या माणसाचं. सॉफ्टवेअरवाले कोडमधला भाग काळा करून पाठवतात, ते चालत नाही. पहिली दहा आणि शेवटची दहा पानं न झाकता द्यावी लागतात.

"एजंट दहा हजार सांगतोय." साहित्य, संगीत किंवा चित्राच्या अर्जाची सरकारी फी पाचशे रुपये आहे. मालावर वापरायच्या चित्राची दोन हजार, ध्वनिमुद्रणाची दोन हजार, चित्रपटाची पाच हजार. हा तक्ता प्रत्येक पत्रकावर द्या. एजंटला त्याच्या कामाचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण सरकारचे किती आणि त्याचे किती हे लोकांना कळलं पाहिजे.

"पुस्तकाच्या नावाचा कॉपीराइट हवा." नुसत्या शीर्षकाला तो मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे सांगितलं आहे. अर्ज भरून घेण्याआधी हे सांगा, म्हणजे त्या माणसाचे पैसे वाचतील.

डोकी मोजून थांबणं

डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय बौद्धिक संपदा जागरूकता मोहीम सुरू झाली. दहा लाख विद्यार्थ्यांचं लक्ष्य १५ ऑगस्ट २०२२ पर्यंतचं होतं, ते जुलैअखेरच पार पडलं. एवढ्या शाळा-महाविद्यालयांत पोहोचणं सोपं नाही आणि त्यामागच्या मेहनतीचा मला आदर आहे. पण हजेरीपटावरच्या सह्या म्हणजे समज नव्हे. तासाभराच्या ऑनलाइन व्याख्यानानंतर त्या मुलीला आपल्या प्रकल्पात चित्र कुठून घ्यायचं हे कळलं का, ते हजेरीपट सांगत नाही.

मी आता दोन गोष्टी करतो. कार्यक्रमाआधी प्रत्येकाकडून एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतो आणि भाषण त्या चिठ्ठ्यांवरूनच लावतो. चिठ्ठ्यांचा गठ्ठा जपून ठेवतो. कोल्हापूरकडच्या चिठ्ठ्यांत चित्रपट आणि वाद्यवृंद असतात, डहाणूकडच्या वारली चित्रांबद्दल असतात. शैली कुणा एकाची नसते, पण तुम्ही काढलेलं चित्र तुमचंच, हे तिथे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. दुसरं म्हणजे सहा महिन्यांनी वीस जणांना फोन. "त्या दिवसानंतर कुठल्या कागदावर सही केली का? करण्याआधी वाचला का?" एवढेच दोन प्रश्न.

ओव्यांच्या बाईंनाही असाच फोन केला होता. नोंदणी त्यांनी केली नव्हती. गावातल्या हरिनाम सप्ताहात त्यांनी वहीतल्या अकरा ओव्या म्हटल्या होत्या, आणि कुणीतरी मोबाइलवर घेतल्या तेव्हा त्याला आधी रचनाकार म्हणून त्यांचं स्वतःचं नाव लिहायला लावलं होतं.